"अल्टोचा बेल्ट द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी काय विचारायचं?



मागच्या व्हिडिओत मी काउंटरवर चार जुने कॅमशाफ्ट मांडून दाखवले होते. पण हातात वस्तू असली की माणूस वस्तूच दाखवत बसतो, सांगायचं राहून जातं. म्हणून आज नीट लिहून काढतोय. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर, लोहा अशा ठिकाणी ऑटो स्पेअर्सचं दुकान किंवा छोटं गॅरेज टाकायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे आहे. मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. इंजिनातलं जे काही कळतं ते काउंटरवर उभं राहून आणि एकदा खिशाला चटका बसून कळलंय.

तो चटका आधी सांगतो.

दुकानाचं दुसरं वर्ष चालू होतं. ओळखीच्या एका मिस्त्रीनं पोरगा पाठवला, म्हणाला एक टायमिंग बेल्ट द्या. डिझेल हॅचबॅक होती. मी बेल्ट काढला, बिल फाडलं, पोरगा गेला. दोन मिनिटांचा धंदा. गाडी किती किलोमीटर फिरली, टेन्शनर कधी बदललाय, यातलं काहीच विचारलं नाही. तीन-चार महिन्यांनी गाडीमालकाचा फोन. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. मुलीला लातूरला क्लासला सोडून परत येत होते, चाकूर सोडलं आणि अहमदपूरच्या अलीकडं गाडी खटकन बंद. "भाऊ, सेल मारला की नुसतं भुर्रकन फिरायलंय, दमच धरंना."

टोचन करून गाडी आणली. कव्हर काढलं तर बेल्ट नवाच होता, पण टेन्शनरचं बेअरिंग जाम झालेलं. त्यावर घासून घासून बेल्टचे दात गेले. हेड उघडलं, आठच्या आठ व्हॉल्व्ह वाकलेले. मिस्त्री म्हणाला माल खराब होता. मी म्हणालो काम खराब झालं. गुरुजी दोघांकडं बघत म्हणाले, "तुमचं काय ते तुम्ही बघा, माझं काय चुकलं तेवढं सांगा." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. शेवटी सामान मी खरेदीच्या भावात दिलं, मिस्त्रीनं मजुरी सोडली, लेथवाल्याचे पैसे गुरुजींनी भरले. तिघांचंही नुकसान झालं. गुरुजी परत दुकानात आले नाहीत, आणि त्यांच्या शाळेतल्या कुणाचीच गाडी आली नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक इंजिनाबद्दल दोन प्रश्न विचारायला लागलो. कॅम कुठं बसलाय? आणि त्याला फिरवतं कोण? या दोन उत्तरांवरून कळतं की त्या गाडीचं कोणतं काम कधी येणार, त्याला कोणती हत्यारं लागणार, काय माल ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला काय शब्द द्यायचा.

कॅम करतो काय

फार खोलात जात नाही. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे व्हॉल्व्ह असतात. ते स्प्रिंगनं बंद राहतात. उघडतो त्यांना कॅम, म्हणजे अंड्यासारखे उंचवटे असलेला दांडा. उंचवटा आला की व्हॉल्व्ह दाबला जातो, सरकला की स्प्रिंग बंद करते. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, कारण फोर स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो. सेकंदाला पंचवीस वेळा! आणि हे सगळं पिस्टनच्या चालीशी जुळून व्हावं लागतं. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर दोघांची टक्कर. गुरुजींच्या गाडीत तेच झालं.

खालचा कॅम: पुशरॉडवाली इंजिनं

जुन्या लोकांना अँबेसेडर आठवत असेल. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन, ही सगळी पुशरॉडची. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, टॅपेटवर उभी लांब सळई म्हणजे पुशरॉड, वर रॉकर, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. आजोबानं मुलाला सांगायचं, मुलानं सुनेला, मग चहा यायचा, तसं. (त्याच्याही आधी व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असायचे. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये हवा घेणारा व्हॉल्व्ह वर आणि धुराचा बाजूला, असा अर्धा-अर्धा प्रकार होता. आता ती गाडी शौकिनांकडंच दिसते.)

आपल्या भागात मात्र पुशरॉड म्हटलं की दोन गाड्या समोर येतात: जुनी बोलेरो आणि टवेरा. बोलेरोचं अडीच लिटरचं जुनं डिझेल इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं, टवेराचं इसुझुचं. किती काळी-पिवळी टवेरा मराठवाड्याच्या रस्त्यांवर दहा-बारा माणसं भरून पळाल्या, त्याचा हिशोब नको.

हे डिझाइन जुनं म्हणून वाईट, असं समजू नका. त्याची अडचण एवढीच की टॅपेट, सळई, रॉकर हे सगळं वजन सेकंदाला वीस-पंचवीस वेळा पुढं-मागं हलवावं लागतं. वेग फार वाढला की स्प्रिंगला ते आवरत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. पण डिझेल इंजिन तेवढं पळतच नाही. चार हजाराच्या आसपास त्याचा दम संपतो. मग त्या अडचणीचा त्रास होणार कुणाला?

आता धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुशरॉडच्या इंजिनाचं हेड काढताना टायमिंगला हात लावावा लागत नाही. रॉकर सोडा, सळया क्रमानं काढून ठेवा, हेड उचला. कॅम खाली आपल्या जागी तसाच. हेड परत बसवा, टॅपेट सेट करा, गाडी चालू. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पाणी कमी पडून इंजिन गरम होणं आणि हेड गॅसकेट जाणं हे नेहमीचं काम. टवेराचं हे काम जाणता मिस्त्री फीलर गेज, टॉर्क रेंच आणि साध्या पान्यांवर करतो. म्हणून खेड्यापाड्यात या गाड्या इतकी वर्षं टिकल्या. इंजिन दणकट होतंच, पण गावातला माणूस ते उघडू शकत होता, हे जास्त मोठं कारण आहे असं माझं मत.

बहुतेक पुशरॉड इंजिनांत कॅमला गिअर किंवा आखूड चेन फिरवते. तरी गृहीत धरू नका, गाडीचं वर्ष आणि इंजिन नंबर बघा आणि पार्ट कॅटलॉगमध्ये खात्री करा.

वरचा एक कॅम

१९८३ साली मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि कॅम थेट वर हेडमध्ये. लांब सळया गेल्या. याला एसओएचसी म्हणतात, म्हणजे वर एकच कॅम. वजन कमी झालं, इंजिन चटकन पळायला लागलं. पण कॅम वर गेला म्हणजे खालच्या क्रँकपासून वरपर्यंत त्याला फिरवायला लांब काहीतरी हवं. तिथं दोन वाटा फुटतात: रबराचा दातांचा बेल्ट किंवा लोखंडी चेन. मारुती ८००मध्ये बेल्ट. फोर्सच्या गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याची जी डिझेल इंजिनं आली, त्यातही कॅम वर एकच, पण चेनवर. तुमच्या घरच्या स्प्लेंडरमध्येही वरचा एक कॅम आणि चेनच. तिचा 'कॅम चेनचा आवाज यायलाय' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलंय.

इथं हेडचं काम बदललं. हेड काढायचं तर बेल्ट किंवा चेन सोडावीच लागते, आणि परत बसवताना टायमिंगच्या खुणा जुळवाव्याच लागतात. एक दात चुकला तरी गाडी दम धरत नाही, जास्त चुकला तर व्हॉल्व्ह वाकतात. त्यामुळं गॅसकेटचंच काम, पण मजुरी वेगळी आणि जबाबदारीही वेगळी. नवीन गॅरेजवाले इथंच फसतात. टवेराचा भाव सांगतात आणि वरच्या कॅमची गाडी घेऊन बसतात.

वरचे दोन कॅम, आणि '१६ व्हॉल्व्ह'चा घोळ

दोन कॅम म्हणजे डीओएचसी. एक हवेच्या व्हॉल्व्हना, दुसरा धुराच्या. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवले की एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन लहान येतात. वाट मोठी होते, प्रत्येक व्हॉल्व्हचं वजन कमी राहतं. पेट्रोलमध्ये प्लग आणि डिझेलमध्ये इंजेक्टर बरोबर मधोमध बसतो, जळण नीट होतं. शिवाय दोन्ही कॅम वेगळे असल्यानं एकाची वेळ पुढं-मागं करता येते. नव्या पेट्रोल गाड्यांवर व्हीव्हीटी लिहिलेलं असतं ते हेच. ऑइलच्या दाबानं कॅम थोडा पुढं-मागं फिरवतात. म्हणजे ऑइल घाण झालं की ही सगळी हुशारी बंद!

गिऱ्हाईक म्हणतं, "माझी १६ व्हॉल्व्हची आहे, म्हणजे डबल कॅम." मान हलवू नका. २००८च्या होंडा सिटीत १६ व्हॉल्व्ह होते आणि कॅम एकच. रॉकर लावून एका कॅमनं चारही व्हॉल्व्ह दाबता येतात. अल्टो ८००मध्ये १२ व्हॉल्व्ह, कॅम एक. उलट अल्टो के१० मध्येही १२ व्हॉल्व्ह, पण कॅम दोन. व्हॉल्व्हच्या आकड्यावरून कॅम कळत नाही, आणि बेल्ट की चेन हे तर अजिबातच कळत नाही.

आता मथळ्यातला प्रश्न. अल्टो ८००ला टायमिंग बेल्ट आहे. पहिल्या अल्टो के१०ला चेन आहे. वॅगनआरचंही तसंच: जुनीला बेल्ट, २०१०मध्ये के-सिरीज इंजिन आलं तेव्हापासून चेन. इनोव्हा घ्या. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळं नांदेडात टॅक्सी-इनोव्हा भरपूर. जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलला बेल्ट, बदलायची वेळ झाली की मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो. २०१६ची क्रिस्टा आली, २.४ लिटर डिझेल, तिला चेन. नाव तेच, आतलं घर वेगळं. पोरगा येऊन "अल्टोचा बेल्ट द्या" म्हणाला आणि तुम्ही निमूट काढून दिला, तर कधी मोटरचा बेल्ट हवा असतो तिथं टायमिंगचा जातो. माल परत, पेट्रोल वाया, मिस्त्रीचा अर्धा दिवस वाया.

याच्या उलट एक फायद्याची गोष्ट. फियाटचं १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. तेच इंजिन मारुतीनं डीडीआयएस म्हणून स्विफ्ट-डिझायरमध्ये घातलं, टाटानं क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टा-मान्झात, फियाटनं मल्टिजेट म्हणून पुंटो-लिनियात. दोन कॅम, १६ व्हॉल्व्ह, चेन. थोडं भांडवल असलेल्या दुकानदारासाठी याचा अर्थ काय? तीन ब्रँडच्या तीन वेगळ्या फळ्या लावायची गरज नाही. टायमिंग चेन किटचे एक-दोन सेट ठेवले तर बऱ्याच गाड्यांना पुरतात. पार्ट नंबर मात्र प्रत्येक वेळी जुळवून बघा, मॉडेलप्रमाणे बारीक फरक असतात. पण या इंजिनाची चेन बदलायला दोन्ही कॅम ठरल्या जागी लॉक करणारं टूल लागतं. अंदाजानं खूण करून बसवणारे बहाद्दर मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडून परत आलेली हेडंही पाहिलीत. तुम्ही मुद्रा योजनेतून कर्ज काढून गॅरेज टाकत असाल तर पाटी-फर्निचरच्या आधी टॉर्क रेंच आणि तुमच्या भागातल्या दोन-तीन इंजिनांचे टायमिंग टूल किट घ्या. पाटी उधारीवरही होते.

बेल्ट आणि चेन: धंदा कशात?

लोक विचारतात चेन चांगली की बेल्ट. गाडीमालकाला चेन बरी वाटते, कारण कंपनी तिला ठरावीक बदलायचं सांगत नाही. पण 'चेन म्हणजे आयुष्यभर' हे अर्धवट ऐकलेलं असतं. चेन ऑइलमध्ये फिरते, तिचा टेन्शनरही बहुतेक ठिकाणी ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा पातळी कमी राहिली, की चेनच्या कड्या झिजून ती लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते आणि बंद होते. गिऱ्हाईक म्हणतं, "थोडा वेळ करायलीय, मग गप्प बसायलीय." तो थोडा वेळच ऐकायचा असतो. अशा गिऱ्हाइकाला चेन विकण्याआधी दर वेळी ठरल्या किलोमीटरला ऑइल बदलायची सवय लावा. त्यात तुमचं नियमित येणं आहे, चेनमध्ये एकदाच आहे.

बेल्टचं वय किलोमीटरनं मोजतात तसं वर्षांनीही मोजतात. गाडी अंगणात उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. आपल्या उन्हात तर बोलूच नका. त्यावर कॅम सीलमधून ऑइल गळालं तर नवा बेल्टही लवकर जातो. किती किलोमीटरला बदलायचा ते प्रत्येक गाडीच्या पुस्तकात आहे, ते बघून सांगा. "साहेब, लाखभर चालतो" असं सगळ्यांना एकच उत्तर ठोकू नका. आणि डिझेल असेल तर बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह वाचतील ही आशा सोडा, कारण कॉम्प्रेशनसाठी पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो, तिथं उघड्या व्हॉल्व्हला जागाच नसते.

गप्प टॅपेट

आणखी एक गोष्ट, कारण सीएनजीच्या गाड्या वाढायल्यात. कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, लोखंड तापून फुगतं म्हणून. फट वाढली की टकटक आवाज येतो, मालक लगेच गाडी आणतो. फट कमी झाली तर? आवाजच येत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू कडेनं निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, म्हणजे फट कमीच होत जाते. म्हणून गॅसच्या गाडीचा टॅपेट गप्प असला तरी ठरल्या वेळेला मोजायचा.

जुन्या रॉकरवाल्या इंजिनात स्क्रू फिरवून फट लावता येते, दोन तासांत काम. दोन कॅमच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत कॅमखाली वाटीसारखा टॅपेट असतो, तिथं स्क्रू नाही. कॅम काढून वेगळ्या जाडीची वाटी बसवावी लागते. काही इंजिनांत, वर सांगितलेल्या १.३ डिझेलमध्येही, हायड्रॉलिक अॅडजस्टर असतात, ते ऑइलच्या दाबानं फट स्वतःच भरून काढतात. तिथं टॅपेट सेट करायचा प्रश्नच नसतो. "टॅपेट सेट करून देतो, इतके इतके द्या" म्हणत हायड्रॉलिकवाल्या गाडीचे पैसे घेणारे लोक आहेत. तुम्ही त्यातले होऊ नका. एकदा कुणी मोबाइलवर शोधून बघितलं की संपलं.

आता माझ्या काउंटरवर

बेल्ट मागायला कुणी आला की मी चार गोष्टी विचारतो: गाडीचं मॉडेल आणि वर्ष, पेट्रोल की डिझेल, मीटरवर किती किलोमीटर, आणि टेन्शनर-आयडलर कधी बदलले. ज्या गाडीचा पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो तिथं पंपाचंही विचारतो, कारण पंप जाम झाला तरी बेल्ट जातोच आणि मजुरी दोनदा लागते. पोरग्याला माहीत नसेल तर मिस्त्रीला फोन लावतो. बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहितो. टेन्शनर नको म्हणाले तर 'टेन्शनर घेतला नाही' असंही बिलावर लिहितो आणि पोरग्याची सही घेतो.

सुरुवातीला मिस्त्री लोक चिडले. एक जण तर भर दुकानात म्हणाला, "शेठ, बेल्ट विकायलास का विमा?" दोन महिने तो दुसरीकडून माल न्यायचा. मग एक दिवस स्वतःच आला, आणि आल्या आल्या किलोमीटरचा आकडा सांगितला. आता तो माझ्याकडूनच नेतो, टेन्शनरसकट.